विंचवाचा गळा

किवळ्याहून एक्स्प्रेस वेला लागलं की दहाव्या मिनिटाला आमच्या गाडीतलं बोलणं थांबायचं. भांडण झालेलं नसायचं. टॅकोमीटरचा काटा 2,700 च्या आसपास आला की मागच्या सीटखालून एक घुमणारा आवाज उठायचा आणि सगळी केबिन व्यापून टाकायचा. तो कानाने ऐकू येण्याआधी कपाळाला कळायचा. कपहोल्डरमधल्या बाटलीतलं पाणी थरथरायचं. मुलगी मागून म्हणायची, “आई, कान भरले.” लोणावळा येईपर्यंत माझं डोकं जड व्हायचं. आणि हा आवाज मी स्वतः पैसे देऊन बसवून घेतलेला होता.

गाडी आबार्थ पुंटो. मराठी माणसाला फियाट म्हटलं की कुर्ल्यात बनणारी पद्मिनी आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते. पण पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून 2015 च्या ऑक्टोबरपासून एक वेगळी फियाट बाहेर पडू लागली. 1.4 लिटरचं टर्बो इंजिन, 145 अश्वशक्ती, आणि जाळीवर फियाटच्या नावाऐवजी एक विंचू. दिसायला घरगुती पुंटोच, पण पाय दाबला की रस्ता मागे ओढला जायचा. किंमत दहा लाखांच्या आत, त्यामुळे पगारदार माणसाच्या आवाक्यातली ती खरीखुरी वेगवान गाडी होती. मी ती सेकंडहँड घेतली आणि अजून ती माझी लाडकी आहे. कमी एकच वाटायची. विंचू मुका होता. त्याच वर्षी परदेशातून आयात झालेली छोटी आबार्थ 595 ‘रेकॉर्ड मोन्झा’ नावाचा सायलेन्सर घेऊन आली होती, आणि ती गाडी चालू झाली की आजूबाजूची माणसं मान वळवायची. आमच्या रांजणगावच्या विंचवाला मात्र कुटुंबाच्या गाडीला शोभेल असा नेमस्त सायलेन्सर दिलेला.

म्हणून मी एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने अर्ध्या दिवसात मधला रेझोनेटर कापून काढला, मागे एक चकचकीत डबा लावला आणि म्हणाला, “मॅडम, फ्री-फ्लो. आता ऐका.” कॅट-कन, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पण काढू का, असंही त्याने विचारलं. त्याला मात्र मी नकार दिला, आणि त्या एका नकाराचं मला आजही समाधान आहे. गल्लीत गाडी चालू केली तेव्हा अंगावर काटा आला. सहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांच्या घरात महिन्याभराचं नातवंड होतं. “अगं, सकाळी सहाला तुझी गाडी निघाली की बाळ दचकतं गं,” एवढंच त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही, सांगावं म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून मी गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत ढकलत नेऊ लागले, आणि आवाज मोठा करणं आणि आवाज चांगला करणं या दोन गोष्टींमधलं अंतर शोधू लागले.

या शोधात पहिल्यांदा भेटला तो विंचवाचा मूळ मालक. कार्लो आबार्थचा जन्म 1908 च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात झाला, वृश्चिक राशीत. विंचू तिथून आला. उमेदीच्या काळात तो मोटरसायकल शर्यतीतला स्वार होता. 1934 साली साइडकार जोडलेली मोटरसायकल घेऊन त्याने ओरिएंट एक्स्प्रेस या आगगाडीशी शर्यत लावली होती. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं त्याने ल्युब्लियाना या शहरात काढली. युद्ध संपल्यावर तो इटलीत आला, 1949 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि लवकरच तिला पोसायला एक धंदा सापडला: सायलेन्सर.

त्या काळची इटली डोळ्यांसमोर आणायला हवी. युद्धाने मोडलेला देश, कारखान्यातले कामगार, आणि हळूहळू दारात येणाऱ्या छोट्या फियाट. मोडेनाच्या फेरारीचा आवाज लोकांना रेडिओवरच्या शर्यतींमुळे माहीत होता, पण फेरारी घेणार कोण? आबार्थने त्या माणसाला गाडी विकली नाही, आवाज विकला. इटालियन भाषेत सायलेन्सरला ‘मार्मित्ता’ म्हणतात, आणि मार्मित्ता म्हणजे मुळात स्वयंपाकाचं मोठं पातेलं. काळा रंगवलेला देह आणि टोकाला क्रोमची नळकांडी असलेलं हे आबार्थचं पातेलं फियाटच्या छोट्या टोपोलिनोपासून जर्मनीच्या पोर्शेपर्यंत अनेक गाड्यांखाली बसलं. आत काय होतं? त्या काळातले साधे सायलेन्सर म्हणजे कप्प्यांचा डबा. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून उलटा तिसऱ्यात, असा आपटत आपटत बाहेर पडतो आणि दमून गप्प होतो. आबार्थने मोटरसायकलच्या शर्यतीतली युक्ती आणली. भोकं पाडलेली एक सरळ नळी, तिच्याभोवती काचेच्या तंतूंची भरगच्च लोकर, वरून पत्रा. धूर न अडता सरळ जातो. कानाला बोचणारा वरचा, चिरका आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथेच विरतो. खालचा, छातीत वाजणारा आवाज तेवढा बाहेर येतो. हा डबा आवाज वाढवायला केलेला नव्हता. आवाजातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणारी ती चाळणी होती.

ही गोष्ट इथेच संपत नाही, आणि पुढचा भाग मला फार आवडतो. ज्या ल्युब्लियानात आबार्थ युद्धाच्या काळात राहिला, ते शहर आज स्लोव्हेनियाची राजधानी आहे. तिथून जवळच इवांच्ना गोरिका नावाचं छोटं गाव आहे. 1990 मध्ये तिथे इगोर आक्रापोविच नावाच्या माणसाने सायलेन्सरचा धंदा सुरू केला. तोही मोटरसायकलचा जुना शर्यतपटू. आणि त्याच्या कंपनीचं पहिलं नाव होतं ‘स्कॉर्पिऑन’, म्हणजे पुन्हा विंचूच. पुढे त्याने नाव बदलून आपलं आडनाव लावलं. आज जगातल्या महागड्या स्पोर्ट्स कारखाली आणि शर्यतीच्या मोटरसायकलींवर त्याच्या टायटॅनियमच्या नळ्या असतात, आणि टायटॅनियम ओतायची भट्टीही कंपनीची स्वतःची आहे. दोन माणसं, दोघंही दुचाकीवर वाढलेली, दोघांचं चिन्ह एकच, आणि दोघांचाही शोध एकाच नळीचा.

माझा विंचू मात्र भोसरीतल्या एका शेडमध्ये बरा होणार होता.

*

तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे शिरोळ तालुक्यातले, वय साठीच्या पुढे. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका आतल्या गल्लीत त्यांची शेड आहे. एक रॅम्प, एक पाइप बेंडिंगचं मशीन, आर्गनची दोन सिलिंडरं, आणि भिंतीला ओळीने टांगलेले स्टेनलेसचे तुकडे. दारावर पाटी नाही. मला त्यांचं नाव एका रॅली चालवणाऱ्या ओळखीच्या मुलाने सांगितलं होतं, तेही बजावून: “ताई, घाई असेल तर जाऊ नका.”

अण्णांनी गाडी वर घेतली. बोलले काहीच नाहीत. हातातल्या पान्याने त्या चकचकीत डब्यावर टक् केलं आणि कान लावला. मग मधल्या जोडावर टक् केलं. मग वेल्डिंगच्या रेघेवरून अंगठा फिरवला. “वरनं छान हाय,” म्हणाले. नंतर जोड कापला, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. “आता आतनं बघा.”

आतल्या बाजूने वेल्डिंगच्या रेघेवर काळपट दाणे आले होते, करपलेल्या साखरेसारखे. स्टेनलेस वितळत असताना आतल्या बाजूने हवा लागली की धातू असा जळतो. बाहेरून आर्गनचा झोत असतो, आत मात्र कुणी वायू सोडत नाही, कारण आतलं कुणी बघत नाही. अण्णा त्यांच्या उमेदीत दूध संघांच्या डेअऱ्यांमध्ये पाइपलाइनचं काम करत. तिथे असा एक दाणा चालत नाही. त्यात दूध अडकतं, अडकलेलं दूध नासतं, आणि नासलेल्या थेंबापायी सगळी टाकी जाते. म्हणून ते नळीची दोन्ही टोकं बंद करून आत आर्गन भरतात आणि मगच बाहेरून टॉर्च लावतात. “दुधाला जे चालत नाही ते धुराला का चालवायचं?” असं ते म्हणाले. त्यांनी केलेला जोड मी नंतर बोट घालून पाहिला. रेघ आहे हे नखाला जेमतेम कळतं.

पण माझा रोग दाण्यांचा नव्हता, घुमण्याचा होता. त्याचं गणित अण्णांनी एका पत्र्यावर खडूने मांडलं, आणि ते इतकं सोपं आहे की इथे सांगायलाच हवं. चार सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत चार स्फोट करतं, म्हणजे फेरीला दोन. मिनिटाला 2,700 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 45. त्याच्या दुप्पट 90. सेकंदाला 90 ठोके. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार याच भागात कुठेतरी बोलते. आता गाडीच्या केबिनकडे बघा. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत साधारण दोन मीटरची बंद पेटी. अशा पेटीतली हवा स्वतःहून ज्या सुराला घुमते तो सूर सेकंदाला 85 कंपनांच्या आसपास येतो. म्हणजे माझं इंजिन एक्स्प्रेस वेवरच्या नेहमीच्या वेगाला बरोबर तोच सूर लावत होतं, ज्याला केबिन आपणहून साथ देते. कारखान्याच्या अभियंत्यांनी हे ओळखूनच मधला रेझोनेटर बसवला होता, आणि दुकानातल्या मुलाने तोच आधी कापून टाकला. आबार्थची लोकरही इथे कामी येत नाही. लोकर वरचे, आखूड लहरींचे सूर खाते. 90 कंपनांची लहर गरम धुरात पाच मीटरहून लांब असते, ती दोन इंच जाडीच्या लोकरीला जुमानत नाही.

औषध काय? नळीला एक बंद फाटा काढायचा. मुख्य नळीतून आलेली लाट त्या फाट्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. फाट्याची लांबी लहरीच्या बरोबर पाव असेल तर परत आलेली लाट पुढच्या लाटेला उलटी भेटते. एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. दोन्ही मिटतात. फक्त तो एक सूर जातो, बाकीचे तसेच राहतात. हलणारा एकही भाग नाही, धुराला अडथळा नाही.

मी घरी जाऊन हिशेब केला. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागिले 90, भागिले चार: 95 सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी अभिमानाने आकडा दिला. अण्णांनी पत्र्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, “ताई, नळीतली हवा थंड हाय का?”

नव्हती. आवाजाचा वेग हवेच्या उष्णतेबरोबर वाढतो. धूर 300 अंशांवर असेल तर तो 343 वरून 480 च्या घरात जातो, आणि मग पाव लहर होते 133 सेंटिमीटर. पण तेही उत्तर नव्हे. फाटा बंद आहे, त्यातून धूर वाहत नाही, त्यामुळे तो मुख्य नळीइतका तापत नाही. खरा आकडा 95 आणि 133 यांच्यामध्ये कुठेतरी आहे, आणि तो कागदावर सापडत नाही. अण्णांनी 135 सेंटिमीटरचा फाटा केला, गाडीखाली बसावा म्हणून त्याला दोन वळणं दिली, शेवटचा भाग सरळ ठेवला. त्यात एक सरकतं बूच बसवलं आणि बुचाला मागून लांब आटा असलेली सळई. सळई फिरवली की बूच पुढेमागे.

मग आम्ही पहाटे पाचला निघायचो. मी चालवायची, अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. उर्से टोलनाका, कामशेतचा बोगदा, लोणावळ्याला उतरून चहा, सळईला दोन आटे, परत. पहिल्या दिवशी फरक नाही. दुसऱ्या दिवशी घुमणं 2,700 वरून 2,500 वर सरकलं, म्हणजे आम्ही जवळ आलो होतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडे-तिकडे करतात आणि एका जागी तार अचानक उघडते. चौथ्या पहाटे तसंच झालं. काटा 2,700 वर होता, वेग नेहमीचा, आणि केबिनमध्ये टायरचा आवाज ऐकू आला. गेले कित्येक महिने मी माझ्या गाडीच्या टायरांचा आवाज ऐकलाच नव्हता. मागून अण्णा म्हणाले, “गाडी बाजूला घ्या.” मी पुढच्या थांब्याला घेतली. त्यांनी खाली वाकून सळईवर खडूने खूण केली. शेडवर येऊन मोजलं: 118 सेंटिमीटर.

त्यानंतर मागचा पोकळ डबा गेला. त्याच्या जागी भोकांची सरळ नळी आणि भोवती लोकर आली, आबार्थच्याच पद्धतीची. मधला रेझोनेटर परत आला. कॅट-कनला हात लावला नव्हताच.

*

या सगळ्या काळात मी जगभरच्या गाड्या ऐकत होते, आणि कान बदलत गेला. आधी मला फक्त मोठं आणि बारीक कळायचं. आता ठेका कळू लागला. अमेरिकन व्ही-8 इंजिनाचा तो गडगडाट येतो कुठून? त्याच्या क्रँकची रचना अशी असते की एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने पडत नाहीत. क्रँक 180 अंश फिरल्यावर एक, मग 90, मग 180, मग 270. त्या बाजूची नळी म्हणूनच लंगडत, डोलत बोलते. फेरारीच्या व्ही-8 मध्ये क्रँक सपाट असतो, स्फोट समान अंतरावर, म्हणून तो गडगडत नाही, किंचाळतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या गाडीखाली इंग्रजी एक्स अक्षरासारख्या मिळवल्या तर दोन्हीकडचे ठोके एकमेकांत गुंफतात आणि सूर वर चढतो. त्याच नळ्या मध्ये एक आडवी नळी टाकून एच अक्षरासारख्या जोडल्या तर लंगडा ठेका शाबूत राहतो. वेल्डरने नळी कुठे जोडली यावर गाडीची जात ठरते.

आणि लेक्सस एलएफए. मला विचाराल तर आवाजाच्या बाबतीत रस्त्यावरच्या गाडीने गाठलेलं सर्वांत उंच ठिकाण तेच. 2010 च्या डिसेंबरपासून दोन वर्षांत या गाड्या फक्त 500 बनल्या. 4.8 लिटरचं व्ही-10 इंजिन, मिनिटाला 9,000 फेऱ्या. ते इंजिन मोकळ्या गिअरमध्ये 0.6 सेकंदात वर पोहोचायचं, काट्याला इतक्या वेगाने धावता येईना, म्हणून टॅकोमीटर पडद्यावर दाखवला गेला. इंजिन घडवण्यात यामाहाचा हात होता. पियानो आणि मोटरसायकल, दोन्ही करणारी ही कंपनी. तिच्या वाद्यांच्या बाजूचे ध्वनितज्ज्ञ या गाडीच्या आवाजावर बसले. दहाही सिलिंडरांच्या नळ्या समान लांबीच्या, जेणेकरून प्रत्येक ठोका जोडावर वेळेत पोहोचावा. मागचा सायलेन्सर टायटॅनियमचा, त्यात एक झडप. खालच्या वेगात ती मिटलेली, 3,000 फेऱ्यांच्या वर उघडी. 9,000 ला त्या इंजिनाचे ठोके होतात सेकंदाला 750. तो आवाज रागाचा नाही. तो एका श्वासात वर जाणाऱ्या तानेसारखा आहे, आणि त्यात कुठेही खरखर नाही.

झडपेची ही कल्पना मला सर्वांत शहाणी वाटते. गल्लीत हळू बोलावं, मोकळ्या रस्त्यावर गावं. फोर्डने 2018 च्या मस्टँगला घड्याळ लावून शांत चालू होण्याची सोय दिली, आणि तिला नावच ‘चांगल्या शेजाऱ्याचं’ दिलं. त्यामागे असं कारण सांगितलं गेलं की त्यांच्याच एका माजी वरिष्ठ अभियंत्याने घरासमोर मस्टँग चालू केली तेव्हा शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं. ते वाचताना मला खालच्या काकू आठवल्या.

आता कायद्याचं बोलायला हवं, कारण दर काही महिन्यांनी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तोच फोटो येतो: जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले आणि त्यावरून जाणारा रोडरोलर. रात्री बारा वाजता दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्यांची मला अजिबात कणव नाही. आजारी माणसाची झोप ही कुणाच्याही हौसेपेक्षा मोठी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना स्थगित सांगतं, ते योग्यच आहे. डेसिबलचा हिशेब लोकांना कळत नाही म्हणून सांगते: दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. 80 आणि 90 मधला फरक दहाचा दिसतो, पण तसा नसतो.

पण कलम 52 निराळं आहे. गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ रचनेत बदल नको, असं ते सांगतं, आणि 2019 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे म्हटलं. त्या अर्थाने अण्णांनी लावलेला बंद फाटाही बदलच आहे. हे मी लपवत नाही. मूळ सायलेन्सर गॅलरीत फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे आणि मागितला तर उद्या परत बसेल. मला खुपतं ते हे, की कायद्याच्या नजरेत मुद्दाम पोकळ केलेला डबा आणि चार पहाटा खर्चून घुमणं मारणारा फाटा एकाच रांगेत बसतात. युरोपात बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा वेगळा नियम आहे, क्रमांक 59. बनवणाऱ्याने तो तपासून घ्यायचा, मग त्यावर वर्तुळात ई अक्षर आणि देशाचा आकडा उमटतो, स्लोव्हेनियाचा 26. रस्त्यावरच्या पोलिसाला खाली वाकून शिक्का बघितला की पुरतं.

आपल्याकडे हे करायला माणसं आणि यंत्रं नाहीत असं नाही. पुण्यातच वेताळ टेकडीवर 1966 पासून एआरएआय ही संस्था आहे, देशातल्या गाड्या तपासणारी. आवाजाची चाचणी जगभर साधारण एकाच रीतीने होते. गाडी ताशी 50 ने येते, ठरलेल्या रेषेवर चालक पाय पूर्ण दाबतो, आणि 20 मीटरच्या त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून 1.2 मीटर उंच ठेवलेले मायक्रोफोन तिचा आवाज पकडतात. उभ्या गाडीची चाचणी आणखी सोपी: सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, 45 अंशांच्या कोनात मायक्रोफोन. अण्णांच्या शेडमध्येही हे करता येतं, आम्ही केलंही, एका साध्या मीटरवर. पोकळ डब्याचा आकडा आणि आताचा आकडा यांतलं अंतर बघून अण्णांनी मीटर हलवून पाहिला, बिघडलाय की काय म्हणून. असे कारागीर राज्यात गावोगाव असतील. त्यांनी केलेलं काम तपासून शिक्का देण्याची वाट सरकारने उघडली, तर फटाके फोडणारे आपोआप वेगळे पडतील आणि अण्णांसारख्यांना दारावर पाटी लावता येईल.

वेळ मात्र थोडा उरला आहे. स्पोर्ट्स कारचा आवाज सगळीकडून दबत चालला आहे. टर्बोची चाकं धुराचे ठोके वाटेतच मोडतात. युरोपात 2018 नंतर नव्या पेट्रोल गाड्यांमध्ये काजळी पकडणारी गाळणी येत गेली, तिनेही वरचे सूर खाल्ले. तिथली रस्त्यावरच्या आवाजाची मर्यादा साध्या गाड्यांसाठी 72 वरून 70 आणि 70 वरून 68 डेसिबलवर आणली जात आहे. 2013 च्या ऑक्टोबरात ग्रेटर नोएडात शेवटची भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हाच्या फॉर्म्युला वन गाड्या व्ही-8 होत्या. पुढच्याच हंगामात टर्बो हायब्रिड आल्या आणि शर्यत एवढी गप्प झाली की 2014 च्या मे महिन्यात बार्सिलोनात मर्सिडीजने सायलेन्सरच्या टोकाला कर्ण्यासारखं तोंड लावून आवाज वाढतो का ते पाहिलं. फारसा नाही वाढला. बीएमडब्ल्यूने 2011 मध्ये नव्या एम-5 च्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरवर वाजवायला सुरुवात केली होती.

आणि आबार्थ? 2023 मध्ये विंचू विजेचा झाला. आबार्थ 500ई मध्ये धूर नाही, नळी नाही, पातेलं नाही. पण विंचू मुका कसा ठेवायचा, म्हणून कंपनीच्या ध्वनी प्रयोगशाळेत 6,000 तासांहून अधिक काम करून जुन्या ‘रेकॉर्ड मोन्झा’चा आवाज तयार केला गेला आणि गाडीखालच्या स्पीकरमधून तो बाहेर सोडला जातो. हवा तेव्हा बंद करता येतो. मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो. इतके तास कुणी प्रेमाशिवाय घालवत नाही. तरीही कामशेतच्या बोगद्यात मी काच खाली करते, गिअर एक खाली घेते आणि 4,000 च्या वर माझी रांजणगावची गाडी जे बोलते, त्यात रांजणगावचं लोखंड, भोसरीचं स्टेनलेस आणि चार पहाटा आहेत. बोगदा संपला की काच वर. 2,700 वर पुन्हा टायरांचा आवाज, आणि मागच्या सीटवर गप्पा.

काकूंच्या घरातलं बाळ आता जिना चढतं. सकाळी सहाला मी गाडी ढकलत नाही, सोसायटीतूनच चालू करते.

135 मधून 118 गेल्यावर उरलेला 17 सेंटिमीटरचा दोन इंची तुकडा अण्णांनी कडा घासून मला दिला. तो मुलीच्या टेबलावर असतो. तळहाताने एक टोक बंद करून दुसऱ्या टोकावर आडवं फुंकलं की तो खाली, जाड बोलतो. हात काढला की तोच तुकडा एकदम वरच्या सप्तकात जातो. ती हे दिवसातून दहा वेळा करते. काल तिने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “आई, नळी तेवढीच आहे, मग बंद केल्यावर आवाज खाली का जातो?” मी पोळी तव्यावर टाकली, हात पुसले आणि कागद घेतला.